डाव्या स्पीकरचा दोष

शुक्रवार, १

नोंदवही कशी लिहायची ते मला प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तारीख, यंत्र, कुठे उभं राहून पाहिलं, काय दिसलं. कारण लिहायचं नाही. कारण नंतर, सगळे आकडे हाताशी आल्यावर. ही वहीही मी तशीच लिहिते. लग्नाला दहा महिने झाले, अजून कारणाच्या रकान्यापर्यंत पोचलेले नाही.

आज कचेरीतून पत्र मिळालं. दुसऱ्या गावात नवी प्रयोगशाळा उघडते आहे. तिथे तापमापकं तपासण्याचा विभाग उभा करायला मला एक वर्षासाठी पाठवायचा विचार आहे. होय की नाही, ते २८ तारखेपर्यंत लेखी कळवायचं.

मला जायचं नाही. पत्र दुसऱ्यांदा वाचेपर्यंत हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी तो भांडी घासत होता. मी त्याच्या डावीकडे, फ्रीजला टेकून, कप पुसत होते. वाक्य मी येताना जिन्यातच तयार केलं होतं, नाहीतर माझ्या तोंडून ते निघालं नसतं. म्हटलं, "मला वर्षभर बाहेर पाठवतायत. मला जायचं नाहीये. तू नको म्हणालास तर मी 'नाही' कळवते."

नळ बारीक सुरू होता. त्याने पातेलं घासलं, विसळलं, उजेडात धरून पाहिलं. साधारण चाळीस सेकंद. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "याचा तळ काही निघत नाही बघ. उद्या भिजत घालू."

उत्तर मिळालं. पुन्हा विचारणार नाही.

रविवार, ३

ताईचा फोन. तिला पत्राचं सांगितलं, पातेल्याचंही.

"सगळे सारखेच गं," ती म्हणाली. "सोयीचं नसलं की कानाडोळा. तू परत विचार."

"एकदा विचारलंय."

"तू विचारतेस म्हणजे काय करतेस ते माहितीये मला. तोंडातल्या तोंडात एक वाक्य पुटपुटायचं आणि समोरचा नापास झाला की निकाल लावून मोकळं व्हायचं. लहानपणी माझ्याशीही असंच करायचीस."

मी म्हटलं, वाक्य स्पष्ट होतं.

"मग मोठ्याने रडून सांग."

ताईचे उपाय नेहमी मोठ्या मापाचे असतात.

सोमवार, ४

जेवताना (तो टेबलाच्या पलीकडे, समोरासमोर) एकदम म्हणाला, "आपण स्पीकर घेऊ या संगणकाला."

मी विचारलं, का? त्याच्याकडे चांगले हेडफोन आहेत. तो इमारतींचे नकाशे काढतो. दिवसभर कचेरीत संगणक, आणि संध्याकाळी घरच्या संगणकावर तास-दीड तास मित्रांबरोबर गेम. मी तेवढा वेळ पलंगावर बसून इअरफोन लावून गाणी ऐकते. दोघांचं व्यवस्थित चाललेलं आहे. कुणाचा कुणाला त्रास नाही.

"हेडफोन घातले की तू हाक मारलेली कळत नाही," तो म्हणाला.

"मी हाक मारतच नाही."

"तेच ना."

म्हणजे काय, ते कळलं नाही. पुढे म्हणाला, "गेमलाही चालतील, तुझ्या गाण्यांनाही चालतील, असे बघ. रक्कम ठरवू आणि तेवढ्यातच बसवू. निवडायचं काम तुझं. तुझं मोजमाप पक्कं असतं."

जो माणूस मी जाते की राहते यावर बोलत नाही, त्याला गाणी एकत्र ऐकायची आहेत. रिकाम्या घरात स्पीकर मोठे वाजतात, असा हिशेब असेल.

तरी तक्ता केला. गेमला काय हवं: पावलांचा आवाज कुठून येतो ते नेमकं कळलं पाहिजे, स्फोट दणदणीत हवेत. गाण्याला काय हवं: काहीही दणदणीत नको, सगळं आपापल्या जागी. म्हणजे एकाच स्वस्त खोक्याने जागाही चोख दाखवायची, दणकाही द्यायचा आणि दणका द्यायचाही नाही. तक्त्याखाली रेघ मारली. विवाहविषयक जाहिरातींत असंच सगळं एकत्र मागतात.

शनिवार, ९

दुकानात गेलो. चालत. नोंद: रस्ता ओलांडला की तो मागून वळसा घालून पुन्हा माझ्या डाव्या हाताला येतो. वाहनं कुठल्या बाजूला आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. आज मी दोन्ही बाजूंनी तपासलं. वाटेत मात्र भरपूर बोलला. त्याच्या कचेरीतल्या एकाने नकाशात जिना काढला आणि वरचा मजला काढायला विसरला, ते सांगताना तो स्वतःच इतका हसला की थांबावं लागलं. अशा वेळी मला सगळं ठीक वाटतं. आणि हेच मला समजत नाही.

दुकानदार बोलघेवडा. एका खोक्यावर 'एक हजार वॉट' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, याच्या वायरीतून एवढी वीज गेली तर वायर वितळेल.

"ताई, ते वॉट खोक्याचे आहेत, स्पीकरचे नाहीत," तो म्हणाला. "स्पीकरचे वॉट आत बारीक अक्षरात असतात. ते वाचणाऱ्या तुम्ही या वर्षातल्या पहिल्याच."

लाकडी खोक्यांची एक छोटी जोडी ठीक वाटली. दुकानदाराने स्वतःचा फोन जोडून वाजवून दाखवली. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, मधला आवाज मधोमध. हा काउंटरला टेकून होता. मी त्याच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहून विचारलं, "हे घ्यायचे?" तो समोरच्या पंख्यांकडे बघत राहिला. दुसऱ्यांदा विचारायच्या आत दुकानदारानेच उत्तर दिलं, "घ्या हो ताई, साहेबांची मूकसंमती आहे."

तिघांत मी एकटीच हसले नाही. नाही, चूक. तोही हसला नाही. त्याने नुसतं वळून विचारलं, "काय झालं?"

रविवार, १०

घरी जोडणी केली. चाचणीची एक ध्वनिफीत असते: एक बाई 'डावा' म्हणते, तो आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून यायला हवा, मग 'उजवा'. दोन्ही वेळा आवाज दोन्हींतून आला. वायरी अदलाबदल करून पाहिल्या, पुन्हा तेच. एक गाणंही लावलं. सगळी वाद्यं मधोमध एकावर एक उभी, गर्दीच्या लिफ्टमधल्या माणसांसारखी.

स्पीकरमध्ये दोष. बदलून घेणार.

मंगळवार, १२

दुकानदार: "डावा आवाज दोन्हींतून येतो? मग दुप्पट मिळालं की!"

त्याच्याच फोनला लावून पाहिले. दोन्ही उत्तम. डावं डावीकडेच. मी तिथे उभी राहून तीनदा ऐकलं. तो म्हणाला, "घरी नेताना रस्त्यात बिघडले आणि परत आणताना रस्त्यातच सुधारले. असं होतं कधी कधी."

असं कधीच होत नाही. तरी बदलून घेतले. हे तीन तुकड्यांचे: दोन लहान आणि घुमणाऱ्या आवाजाचं एक खोकं, टेबलाखाली ठेवायचं.

घरी तोच दोष. 'डावा' दोन्हींतून. शिवाय ते खोकं. त्याने गेम लावला, आत कुठेतरी पूल कोसळला आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. "गिरणी टाकली का हो? कळवायचं, मी दळण आणलं असतं."

तो म्हणाला (मी समोर होते), "राहू दे ना हेच, खोकं बंद करून. मला तर फरकच कळत नाही."

"डावं-उजवं कळत नाही?"

"स्पीकरमधलं म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि जरा जास्तच हसला.

बुधवार, १३

सकाळी हाक मारून उठवायचा प्रयत्न केला. तो नेहमी उजव्या कुशीवर, उशीत चेहरा रुतवून झोपतो. पाच हाका. मध्यम आवाज, अंतर एक हात. काही नाही. खांद्याला बोट लावलं तर लगेच उठला, ताजातवाना, जणू जागाच होता.

जागा असेल तर उत्तर का देत नाही? नसेल तर इतक्या पटकन कसा उठतो? दोन्ही शक्यता लिहून ठेवते. मला एकही पटत नाही.

शुक्रवार, १५

तिसरी जोडी. बुटके, काळे, पुढच्या बाजूला आवाज वाढवायचं गोल बटण. दुकानदाराने विचारलं, "ताई, तुम्ही स्पीकर घ्यायला येता की त्यांची परीक्षा घ्यायला?"

घरी, तोच दोष.

एकच दोष असलेले तीन वेगळ्या बनावटीचे स्पीकर मला एकाच दुकानात मिळावेत, याची शक्यता काढून पाहिली. आकडा लिहावासा वाटत नाही इतका लहान आहे.

पत्राला उत्तर द्यायला तेरा दिवस.

रविवार, १७

सासूबाई आल्या होत्या, दुपारच्या जेवणाला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, तर म्हणाल्या, "अगं, तू इकडे ये. इकडून बस." आणि टेबलाला वळसा घालून मला त्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. त्या स्वतः समोर.

"आई, मी कुठेही बसते. वाढायला तिकडून सोपं जातं."

"वाढायचं मी बघते. त्याला डावीकडून कुणी आलेलं आवडत नाही. लहानपणापासूनची खोड आहे."

तो ताटात बघत म्हणाला, "आई, पुरे."

"मी काय बोलले? खोड म्हटलं. प्रत्येकाला एकेक असते."

माझ्या घरात माझीच जागा ठरवली जाते, याचा मला राग यायला हवा होता. थोडा आला. पण नंतर तासभर त्याने मला इतक्या गोष्टी सांगितल्या, विचारल्या, भाजीला मीठ कमी आहे ते माझ्याच कानात कुजबुजला, की राग कुठे ठेवावा ते समजेना.

निघताना सासूबाई जिन्यात थांबल्या. "तुमचं बरं चाललंय ना? तो काही बोललाय का तुला?"

"कशाबद्दल?"

"नाही, असंच," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून भराभर उतरून गेल्या. गुडघे दुखतात असं त्यांनीच आल्या आल्या सांगितलं होतं.

मंगळवार, १९

आमच्याकडे वजनकाटे तपासणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. सगळे त्यांना 'तराजू' म्हणतात, आणि तेही ओ देतात. डबा खाताना त्यांना तीन जोड्यांची हकिगत सांगितली.

"तीन वेगळे काटे, तेवढेच आणि त्याच बाजूला चुकतात?" ते म्हणाले. "मग टेबल तपासलंस का?"

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. प्रयोगशाळेत हे मी नव्या मुलींना शिकवते. घरी मी संगणकाला प्रमाण धरून चालले होते, कारण तो त्याचा आहे, त्याने जुळवलेला आहे, आणि त्याची तक्रार नव्हती.

संध्याकाळी स्पीकर माझ्या फोनला जोडले. डावं डावीकडे. निर्दोष. मग संगणकाच्या मांडणीत शिरून एकेक पान उघडलं. ध्वनीच्या पानावर काही नाही. दृष्टी, श्रवण वगैरेंसाठी सोयी असतात, त्या पानावर सापडलं: 'दोन्ही बाजूंना एकच आवाज.' चालू. ही कळ तिथे कशाला ठेवली आहे, देव जाणे. हात लागून चालू झाली असणार.

बंद केली. गाणं लावलं. तबला उजवीकडे सरकला, तंबोरा पसरला, मध्ये गाणारी एकटी उरली. स्वस्त स्पीकर आहेत, खालचे सूर जरा कोंदट येतात, ती विहिरीत अर्धी उतरून गातेय असं वाटतं. पण जागेवर उभी राहून गाते.

हे ठेवणार. त्याला काही सांगितलं नाही. आज खेळेल तेव्हा त्यालाच फरक जाणवेल.

बुधवार, २०

काल मित्रांशी बोलत खेळायचं होतं म्हणून त्याने हेडफोनच लावले. सात डाव, सातही वेळा तो आधी मेला. माइकमध्ये म्हणत होता, "अरे, डावीकडून कधी आला? आवाजच नाही." हेडफोनमधून मित्रांचं खिदळणं माझ्यापर्यंत आलं. तो लाल झाला होता. लवकर बंद केलं आणि उगाचच हेडफोनची वायर तपासत बसला.

म्हणजे योग्य मांडणीवर तो वाईट खेळतो आणि चुकीच्या मांडणीवर चांगला. गोंधळ वाढला.

आज सकाळी पाहिलं, तर कळ पुन्हा चालू. संगणक स्वतःच मांडणी बदलत असावा. बंद केली.

गुरुवार, २१

पुन्हा चालू. बंद केली.

शुक्रवार, २२

पुन्हा. बंद. त्याच्याशी या विषयावर बोलावं असं दोनदा वाटलं. तो दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलतो आहे. पाहुण्याशी बोलावं तसं, नीट.

शनिवार, २३

कळ पुन्हा चालू होती. बंद केली, आणि एक चाचणी ठरवली. त्याला खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं. मी दोन स्पीकरपैकी एकच वाजवणार, कुठला ते त्याने ओळखायचं. खेळ म्हणून. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत आम्ही दोघांनी मिळून काही केलं नव्हतं, म्हणून.

पहिल्यांदा डावा वाजवला. तो म्हणाला, "उजवा."

दुसऱ्यांदा डावा. "उजवा."

तिसऱ्यांदा उजवा. "उजवा." चौथ्यांदा डावा. थोडं थांबून, "डावा?" पाचव्यांदा उजवा. "डावा."

पाचात दोन बरोबर. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. मी म्हटलं, "गंमत करतोयस?"

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू करतेयस का?"

"मी कशाला गंमत करू?"

"नाही, मग ठीक आहे. मी करत होतो. गंमत." आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागून गेले, त्याच्या डाव्या हाताला कठड्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "काय झालं?" त्याने वळूनही पाहिलं नाही. कपडे वाळत होते, ते चाचपून पाहिले आणि आत निघून गेला. मी तिथे आहे हे आत जाताना दिसलं तेव्हा दचकला.

इतकं की माणूस शेजारी उभा राहिलेला नको.

मंगळवार, २६

पत्राबरोबरचा छापील अर्ज भरला. 'होय' वर खूण केली. सहीची जागा कोरी ठेवली आहे, पण ती फक्त शाई वाळायला वेळ लागतो म्हणून.

कळ दोन दिवस चालूच आहे. बंद केली नाही. ज्या घरात वर्षभर राहायचं नाही तिथल्या संगणकाची मांडणी दुरुस्त करून काय उपयोग?

ताईला कळवलं. ती म्हणाली, "त्याला सांगितलंस?"

"एक तारखेलाच."

"आणि तो काय म्हणाला? नेमके शब्द सांग."

नेमके शब्द पातेल्याबद्दल होते.

बुधवार, २७

अर्जात एक रकाना राहिला होता: 'कुटुंबीयांना कल्पना दिली आहे का, केव्हा.' तारीख पाहायला ही वही उघडली. एक तारखेची नोंद वाचली. मग सवयीने पुढच्याही.

नोंदी वाचताना मी समासात खुणा करते. त्याने उत्तर दिलं तिथे बरोबरची खूण, नाही दिलं तिथे फुली. नुसत्या या महिन्यावर भागेना, म्हणून मागचे दहा महिने काढले. चाळीसेक जागा निघाल्या. मग एका कागदावर मधोमध एक गोल काढला, तो म्हणजे तो, नाक वरच्या बाजूला. आणि प्रत्येक खूण मी उभी होते त्या जागी मांडली. कुठे उभं राहून पाहिलं हे मी दर वेळी लिहिलेलं आहे. तेवढी एक गोष्ट मी लिहीतच आले.

फुल्या सगळ्या एकाच बाजूला.

फ्रीज डावीकडे. काउंटर डावीकडे. गॅलरी डावीकडे. झोपेत उजवा कान उशीत. पहिल्यांदा भेटलो तेव्हा दोन्ही घरची माणसं बसलेली असताना त्याने तीनदा खुर्ची बदलली होती. सगळे हसले, मी डोळ्यांवर ऊन येत असेल असं लिहिलं होतं. रस्ता ओलांडल्यावरचा वळसा. सासूबाईंची खोड. कळ कुठल्या पानावर होती ते मी माझ्या हाताने लिहिलंय, 'देव जाणे' असंही लिहिलंय.

तीन जोड्या आणल्या. टेबल तपासायला सांगितलं तर संगणक तपासून थांबले.

कारण लिहायचं नाही असा नियम आहे. आज लिहिते: त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याने माझा प्रश्न ऐकलेलाच नाही.

हे लिहून हायसं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दहा महिने माझ्यापासून लपवलं, त्याच्या आईलाही माहीत होतं, आणि मी रोज त्याच्या कानाचा आधार बंद करत होते. पहिल्यावर राग आहे आणि दुसऱ्याची लाज, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाकडे बघून येतात. कुठल्यापासून सुरुवात करायची?

तो आज बाहेरच्या गावी, इमारतीच्या जागेवर गेला होता. आल्या आल्या झोपला. उजव्या कुशीवर.

गुरुवार, २८

चाळीस जागा पुरेशा होत्या, तरी सकाळी एकदा खातरजमा केली. तो टेबलाशी चहा पीत होता. डावीकडून, साध्या आवाजात: "तुझा चहा निवतोय." काही नाही. दुसऱ्यांदा, तेच. तिसऱ्यांदा म्हटलं, "मी चिडलेय तुझ्यावर." त्याने पाव बुडवून खाल्ला.

मग उजवीकडे जाऊन बसले. "तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

त्याने कप खाली ठेवला. "आज बोललीस शेवटी."

"शेवटी म्हणजे? मला काल कळलं."

"काल?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, ती कळ तू रोज बंद करत होतीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि मी तोंड उघडेपर्यंत तू छळणार आहेस. मग ती डोळे मिटायची परीक्षा."

"मला वाटलं संगणक बिघडलाय."

"चार दिवस?"

"आधी तीन जोड्या स्पीकर बिघडले होते," मी म्हटलं. "त्यामानाने चार दिवस काही नाहीत."

तो हसला नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. पाच वर्षांचा असताना गालगुंड झालं होतं, म्हणाला. ताप उतरला आणि त्या बाजूचं ऐकणं गेलं. परत येत नाही. "आई म्हणाली, लग्न ठरेपर्यंत सांगू नकोस. मग ठरलं. मग झालं. मग एक महिना गेला. त्यानंतर नुसतं कान सांगून भागलं नसतं, इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. आणि तू इतकं सगळं मोजतेस, वाटलं एक दिवस तुझं तुलाच सापडेल."

"माणसाला मोजत नाहीत. माणूस सांगतो."

"तू किती सांगतेस?"

मी उठून त्याचा निवलेला चहा गरम करून आणला. स्पीकर का हवे होते तेही मग विचारलं. हेडफोन घातले की जो एकच कान चालतो तोही झाकला जातो, म्हणाला, आणि मी घरात आहे की नाही हेसुद्धा समजत नाही.

"एक तारखेला मी तुला एक विचारलं होतं," मी म्हटलं.

'काय' असं त्याने विचारलं नाही. विचारलं, "कुठे?"

"ओट्यापाशी. फ्रीजच्या बाजूने."

त्याने खुर्ची ओढून पूर्ण माझ्याकडे वळवली. "आता विचार."

तयार वाक्य मला आठवत होतं, पण ते तसंच्या तसं निघेना. पत्राचं सांगितलं. वर्षाचं सांगितलं. भरलेला अर्ज पुढे सरकवला, त्यावरची 'होय' ची खूण त्याने पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. तेव्हा राहिलेलं म्हटलं: मला जायचं नाहीये, तू नको म्हणालास तर मी 'नाही' कळवते.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. लगेच. एक सेकंदही नाही. मग म्हणाला, "आणि पुढच्या वेळी असलं काही नळ सुरू असताना विचारू नकोस."

नवा अर्ज मागून घेतला आणि अकराच्या आत 'नाही' देऊन टाकला. तराजू शेजारी उभे होते. "टेबल सापडलं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

राग अजून गेलेला नाही. सासूबाईंशी काय बोलायचं ते ठरलेलं नाही. संध्याकाळी त्याने कागदावर खोलीचा नकाशा काढला, मापं घालून, आणि आम्ही टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं. आता माझी खुर्ची त्याच्या उजव्या हाताला येते. खेळताना कळ चालू, माझ्या गाण्यांना बंद. मी गाणं लावलं तेव्हा तबला उजव्या स्पीकरमध्ये आणि तंबोरा डाव्यात होता. त्याने विचारलं, "दोन्हीकडून येतं म्हणजे कसं वाटतं गं?"

सांगायला मला बराच वेळ लागला. अर्ध्यात दोनदा चुकले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

नोंद पूर्ण करते. एक तारखेचा प्रश्न: उत्तर मिळालं. विलंब सत्तावीस दिवस. स्पीकरमध्ये दोष नाही.